संडास मोजले, रांग कोण मोजणार?

मुंबईत महापालिकेच्या नळाचं पाणी झोपडपट्टीतल्या घराला हजार लिटरमागे दहा रुपयांच्या आत पडतं. आता ज्या घराला नळच नाही, त्याचा हिशेब करून पाहा. वीस लिटरचा कॅन पाच रुपयांना मिळाला, म्हणजे नशीब चांगलं असं धरलं, तरी हजार लिटरचे झाले अडीचशे. थोडक्यात, गोवंडी-मानखुर्दकडच्या वस्तीतला नळ नसलेला माणूस मलबार हिलवरच्या रहिवाशापेक्षा पाण्याला कितीतरी पट जास्त पैसे मोजतो. आणि ते पाणी कुठल्या पाइपातून भरलेलं, हे विकणाराही सांगत नाही. भातसा, वैतरणा, तानसा आणि इतर तलावांतून शहराला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. एवढं पाणी असताना काही लाख लोक नळाविना राहतात याचं कारण धरणात शोधून सापडणार नाही. ते कागदात आहे.

१९९६ साली राज्य सरकारने परिपत्रक काढलं, की ठराविक तारखेनंतरच्या अनधिकृत झोपड्यांना पाणी द्यायचं नाही. ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, पुढे २००० झाली. झोपडी बेकायदा, म्हणून तहानही बेकायदा, असा हा न्याय. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध जनहित याचिका केली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर बेकायदा असलं म्हणून तो नाकारता येणार नाही. न्यायालयाने घरोघर नळ द्या असं मात्र म्हटलं नाही. सार्वजनिक नळकोंडाळं चालेल, दर जास्त लावलात तरी चालेल, पण पाणी द्या, इतकंच. तेवढं पचवायलाही वेळ लागला. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचं धोरण जाहीर झालं ते मे २०२२ मध्ये.

पाण्याची ही गोष्ट आधी सांगितली, कारण संडासाची गोष्ट त्याशिवाय समजत नाही. आपल्याकडे दोन्हींची खाती वेगळी, निविदा वेगळ्या, उद्घाटनं वेगळी. त्यामुळे टाइल्स लावलेला, पाटी लावलेला आणि आत थेंबभर पाणी नसलेला संडास उभा राहतो. बाया घरून डबा भरून नेतात. म्हणजे विकत घेतलेल्या पाण्यातला वाटा तिथे जातो. धुवायला पाणी पुरत नाही, मग चार दिवसांत तो संडास वापरण्याजोगा राहत नाही, आणि ‘या लोकांना सवयच नाही’ असा शेरा मारायला साहेब मोकळे.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले जवळपास ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. त्यांतल्या बहुतेकांचा आधार सामायिक संडास. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे सामुदायिक संडासात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट हवी. निकष वाईट नाही. पण ३५ माणसं दिवसभरात आळीपाळीने येत नाहीत; सकाळी पाच ते आठमध्येच येतात. कडी तुटलेली सीट, दिवा नसलेली सीट, तुंबलेली सीट कागदावर सीटच असते. ज्या बाईला रात्री नऊनंतर तिथपर्यंत जायची भीती वाटते, ती संध्याकाळपासून पाणी पिणंच कमी करते. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाळीच्या दिवसांतली घुसमट यांची नोंद कुठल्याही सीटच्या रकान्यात होत नाही. लहान मुलांना तर मोठी माणसं रांगेतून बाजूलाच सारतात, मग ती गटाराच्या कडेला बसतात.

हे सगळं कोणाला सुचलंच नव्हतं असं नाही. १९९९ मध्ये पुण्याचे तेव्हाचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतल्या संडासांचं बांधकाम आणि देखभाल ही दोन्ही कामं एकत्र करून स्वयंसेवी संस्थांना द्यायचं ठरवलं. पुढच्या दोनेक वर्षांत चारशेच्या वर नवे संडास उभे राहिले. त्यांतला मोठा वाटा ‘स्पार्क’, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांच्याकडे होता. महिला मिलन म्हणजे मुळात फूटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्या बायांच्या बचत गटांचं जाळं. रांगेत उभं राहण्यात आयुष्य घालवलेल्या या बाया आराखड्याला बसल्या, तेव्हा इंजिनिअरच्या नकाशात नसलेल्या गोष्टी त्यात आल्या. बायांची आणि पुरुषांची दारं एकमेकांकडे तोंड करून नकोत. खोलीचं दार दोन्ही बाजूंना उघडावं, म्हणजे भरलेली बादली घेऊन आत-बाहेर करता येईल. मोठी टाकी हवी. मुलांसाठी वेगळे छोटे संडास, धरायला दांडी आणि भोक लहान, पडायची भीती नको. राखणदाराला कुटुंबासह राहायला तिथेच खोली, म्हणजे दिवा, पाणी आणि झाडू यांना कोणीतरी धनी.

पैशांचं गणितही त्यांनी वस्तीकडून मांडलं. दर खेपेला रुपया घेतला, तर पाच जणांच्या घराला दिवसातून एकदाच्या हिशेबानेही महिन्याला दीडशे पडतात. त्याऐवजी कुटुंबाला महिन्याचा पास, वीस-पंचवीस रुपयांचा. हे सगळीकडे सारखं टिकलं, असा दावा मी करणार नाही. जिथे पास गोळा करणारं मंडळ एखाद्या दादाच्या हाती गेलं, तिथे संडासाचं दुकान झालेलंही मुंबईने पाहिलं आहे. तरी ‘गरीब लोक देखभाल करू शकत नाहीत’ हे म्हणणं पुण्याच्या त्या कामानंतर टिकत नाही.

फुकट आणि विकतचा प्रश्न रस्त्यावरच्या मुतारीत तर आणखी उघडा पडतो. पुरुषाला मोफत, बाईला पैसे. मुंबईतल्या संस्थांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली, तेव्हा नावालाच लोक आधी हसले. भाजी विकणारी बाई, घरकामाला जाणारी बाई दिवसभर कुठे जाते, हा प्रश्न मात्र त्या हसण्यातून सुटला नाही.

आणि जमिनीखालचं तर कोणालाच दिसत नाही. अनेक सामुदायिक संडास मलवाहिनीला जोडलेलेच नाहीत. खाली सेप्टिक टँक, तीही वेळेवर न उपसलेली. २०१७ मध्ये मानखुर्दला आणि २०१८ मध्ये भांडुपला संडासाखालची जमीन खचली आणि माणसं त्या टाकीत पडून मेली. टाकी साफ करायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद केलं आहे; तरी मृत्यू होत राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. उतरवल्या जाणाऱ्यांची जात कोणती असते, ते वाचकांना सांगायला नको.

संडास किती आणि सीट किती, याची यादी वॉर्ड ऑफिसकडे असते. पाणी किती वाजता येतं, टाकी शेवटची कधी उपसली, रात्री कुलूप कोण लावतं आणि बिघाड झाला तर फोन कोणाला करायचा, एवढं त्या संडासाच्या भिंतीवर रंगवायला पालिकेला फार तर दोन डबे रंग लागेल. मग रांगेतल्या बाईला तक्रार करण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहीत बसावं लागणार नाही.