आठवण कुठे धरते?

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करता करता ओव्या त्यांच्या ओठांवर यायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतल्या काही उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, त्या पुस्तकरूपात आल्या. जळगावच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. अशा माणसाबद्दल आपण सहज म्हणतो, ‘देवानं डोकंच तसं दिलं होतं.’ कवित्वापुरतं ते खरं असेलही. पण स्मरणशक्ती जन्माला येतानाच ठरून येते, हा समज मेंदूच्या बाबतीत टिकत नाही.

दुसरा समज कप्प्यांचा. एका पेशीत शाळेचा रस्ता, दुसरीत आजीचा चेहरा, असं काही डोक्यात नसतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांच्यातले कोणते जोड बळकट झाले आणि कोणते कच्चे राहिले, यात आठवण असते. हा जोड म्हणजे सिनॅप्स. तिथेही बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये वीसेक नॅनोमीटरची फट असते. फटीच्या दोन्ही काठांवरची काही प्रथिनं पुढे येऊन समोरच्या प्रथिनांना धरून ठेवतात. यांना पेशी जोडणारे रेणू म्हणू. एनकॅम, कॅडहेरिन, न्यूरेक्सिन, न्यूरोलिजिन ही त्यांतली नावाजलेली मंडळी. ते पेशींना नुसते धरत नाहीत. धरल्याची खबर पेशीच्या आतही पोचवतात आणि तिथल्या घडामोडी बदलतात.

आता ‘जोडणारे’ म्हटलं की वाटतं, पकड जितकी घट्ट तितकी स्मरणशक्ती पक्की. मला या सगळ्या विषयातला हाच गैरसमज सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अप्लिशिया या समुद्री गोगलगायीवर वर्षानुवर्षं काम केलं. तिच्या मज्जासंस्थेत जेमतेम वीस हजार पेशी, त्याही मोठाल्या, म्हणून शिकताना काय बदलतं ते पाहता येतं. १९९२ मध्ये या गटाला दिसलं, की दीर्घकाळ टिकणारी आठवण तयार होऊ लागली की संवेदी पेशीच्या पृष्ठभागावरचे जोडणारे रेणू तासाभरात कमी होतात. पेशी ते स्वतःच आत ओढून घेते. जुनी पकड सैल झाल्यावर नव्या फांद्या फुटतात, नवे जोड तयार होतात. शिकलेल्या गोगलगायीत या जोडांची संख्या दुपटीच्या आसपास गेलेली आढळली. कपाशी लावण्याआधी आपण वखर घालून रान भुसभुशीत करतो, तसंच हे. उंदरांच्या मेंदूतही हाच धागा सापडतो. एनकॅमवर एका साखरेची लांबच लांब साखळी लागते आणि त्याची पकड ढिली करते. ही साखळी विकरानं कापून टाकली तेव्हा पकड वाढली असणार, पण रस्ता लक्षात ठेवण्याच्या परीक्षेत प्राणी मागे पडले.

याच गोगलगायीनं पाठांतराचाही निकाल लावला आहे. एकदाच उत्तेजन दिलं तर आठवण काही मिनिटं टिकते, आणि तेच मध्ये मध्ये थांबून पुन्हा पुन्हा दिलं तर कित्येक दिवस. रोजच्या कामात पुन्हा पुन्हा म्हटलेली ओवी का विसरत नाही, याचं उत्तर इथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तक मिटलं की पाठ झालं, हा समज दहावी-बारावीच्या घरांमध्ये फार. ब्रिटनमध्ये संशोधक स्टीव्हन रोझ यांनी एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांना कडू मणी टोचायला दिला. ती एका अनुभवात शहाणी होतात आणि पुन्हा तसल्या मण्याला चोच लावत नाहीत. शिकल्यानंतर साडेपाच तासांनी मेंदूत एनकॅमला अडवणारं प्रतिपिंड सोडलं, तर दुसऱ्या दिवशी पिल्लं तो धडा विसरलेली असायची. म्हणजे धडा संपून तास उलटले तरी नवे जोड धरण्याचं काम चालूच होतं. पिल्लांची घड्याळं माणसाला लावता येत नाहीत, पण आठवण पक्की व्हायला माणसालाही वेळ आणि झोप लागते, हे निर्विवाद आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पोराला जागं ठेवणं म्हणजे त्याच्याच अभ्यासावर पाणी ओतणं.

बदाम, टॉनिक यांबद्दल थोडक्यात. कॅडहेरिनला पकड धरायला कॅल्शियम लागतं हे खरं, नावातच ते आहे. पण मेंदूभोवतीच्या द्रवातलं कॅल्शियम शरीर काटेकोर राखतं, तेव्हा गोळ्यांनी पाठांतर वाढत नाही. हे रेणू खाऊन मेंदूत पोचवता येत नाहीत; प्रथिनं पोटात पचून जातात.

राहिला ‘म्हातारपणी विसरायचंच’ हा समज. अल्झायमरमध्ये पेशी मरतात, पण विसरण्याचं प्रमाण सर्वांत जवळून जुळतं ते तुटलेल्या सिनॅप्सशी. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की या आजारात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या सिनॅप्सवर एनकॅम-२ हा रेणू कमी झालेला असतो आणि अमायलॉइड प्रथिन त्याची मोडतोड करतं. हा आजार आहे, वयाचा नियम नव्हे. शिवाय प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, काही औषधं यांनीही आठवण ढासळते आणि यांतलं बरंच उपचारांनी सावरतं. आजी एकच गोष्ट चारदा विचारू लागली, गॅस बंद करायला विसरू लागली, तर तिला ‘वय झालं’ म्हणून खाटेवर बसवू नका. जळगाव-धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील त्या रक्ततपासण्या करून घ्या.