गणपतीचा उंदीर आणि प्रेटर यांचे पुस्तक

पेणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गणेशमूर्तीच्या पायाशी उंदीर असतो. तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न मूर्तिकाराला पडण्याचे कारण नाही. परंतु बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तेव्हा तिच्यापुढे नेमके असेच प्रश्न होते. वाघ-बिबट्यांविषयी शिकाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले होते. उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ यांच्याविषयीची माहिती मात्र तुटपुंजी होती. खानदेशापासून सुरू झालेली ही पाहणी १९२३ पर्यंत चालली. तिच्यासाठी रानोमाळ हिंडणाऱ्यांत स्टॅन्ले हेन्री प्रेटर हे एक होते.

१८९० साली जन्मलेले प्रेटर १९०७ मध्ये सोसायटीच्या नोकरीत शिरले. १९१२ साली बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत त्यांना मोठ्या कानांचे एक अपरिचित वटवाघूळ आढळले. लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले ते पाहणीचे एक सूत्रधार, निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे. गुहेत शिरणाऱ्याच्या वाट्याला नाव आले नाही. श्रम एकाचे आणि लौकिक दुसऱ्याचा, हा हिशेब केवळ गिरण्यांतच मांडला जातो असे नव्हे! पुढे सुमारे नऊ दशके या वटवाघळाचे जगातील ज्ञात वसतिस्थान ते एकच होते. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. त्या गुहांचा परिसर २०११ साली भीमगड अभयारण्यात आला. नोंद झाली नसती, तर रक्षण कशाचे करावयाचे हे तरी कोणाला कळले असते?

१९२३ ते १९४७ प्रेटर सोसायटीचे क्युरेटर होते. अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून ते घटना समितीतही बसले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि १९६० साली निवर्तले. मागे राहिले ते त्यांचे १९४८ चे ‘द बुक ऑफ इंडियन अ‍ॅनिमल्स’.

रोहे व मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाडला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पर्यटक तेथे शेकरू शोधत माना उंचावतात. पायाखालच्या पाचोळ्यातून काय पळाले, याची चौकशी क्वचितच होते. चिचुंद्री ही उंदराच्या कुळातली नव्हे, हे रोह्याच्या विद्यार्थ्याने प्रेटर उघडून पडताळावे. आणि मग एखाद्या सुटीत, वही घेऊन, फणसाडच्या वाटेला लागावे.