जुन्या मालमोटारीतील स्टार्टर मोटार व तिची तारजोडणी : बदलाची शास्त्रीय मीमांसा

प्रस्तावना

१९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विद्युत स्टार्टर यंत्रणा बसविण्यात आली आणि हँडल फिरवून इंजिन चालू करण्याच्या धोकादायक कामातून चालकाची सुटका होऊ लागली. भारतात १९५४ पासून जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. त्या परंपरेतील अनेक जुन्या डिझेल गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टची यंत्रणा वापरलेली आढळते. गॅरेजच्या भाषेत स्टार्टर मोटारीला ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ बंद पडला की तो बदलण्याचा निर्णय बहुधा तत्काळ घेतला जातो; परंतु दोष अनेकदा मोटारीत नसून तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या केबलमध्ये असतो. प्रस्तुत लेखात या कामाचा क्रम व त्यामागील कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कार्यतत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे इंजिन केवळ फिरून भागत नाही, ते पुरेशा वेगाने फिरावे लागते. सेल्फची एकसर-गुंडाळीची मोटार स्थिर अवस्थेत सर्वाधिक पीळ देते आणि त्याच क्षणी सर्वाधिक, म्हणजे काही शे अँपिअर, प्रवाह खेचते. चावी फिरवताच सोलेनॉइड दोन कामे करतो. तो पिनियनला फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये ढकलतो आणि मुख्य संपर्क जोडतो.

निदान : मोटार की तार?

येथे ओहमचा नियम निर्णायक ठरतो. ७० चौरस मिलिमीटर छेदाच्या ४ मीटर तांब्याच्या केबलचा रोध सुमारे ०.००१ ओहम असतो. ४०० अँपिअर प्रवाहास तीत केवळ ०.४ व्होल्ट खर्ची पडतात. ३५ चौरस मिलिमीटरची केबल वापरल्यास हीच घट ०.८ व्होल्ट होते. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.००५ ओहम असेल, तर त्याच प्रवाहास २ व्होल्ट नष्ट होतात आणि त्या सांध्यावर ८०० वॅट उष्णता निर्माण होते. थिंबल काळे पडणे व केबलचे आवरण वितळणे यांचे कारण हेच होय.

इतका सूक्ष्म रोध साध्या मल्टिमीटरने मोजता येत नाही. केबलचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर ‘जोडणी आहे’ असेच दाखवितो. म्हणून सेल्फ मारत असताना व्होल्टतेची घट मोजणे हाच विश्वसनीय मार्ग आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर व दुसरे सेल्फच्या मुख्य टर्मिनलवर ठेवावे; नंतर हीच कृती ऋण खांब व सेल्फची बॉडी यांच्यात करावी. २४ व्होल्टच्या वाहनात कोणत्याही एका बाजूस सुमारे एक व्होल्टपेक्षा अधिक घट दिसल्यास दोष त्या मार्गात शोधावा.

तत्पूर्वी दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे तपासाव्यात. पूर्ण भारित बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. टेपरेकॉर्डर वा पंखा चालविण्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याची सवय सर्वत्र दिसते. त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी राहते, तर दुसरी अतिभारित होते आणि दोष मात्र सेल्फच्या माथी येतो.

बदलाची कृती

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी व गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. प्रथम बॅटरीची ऋण केबल सोडवावी. धन केबल आधी सोडविल्यास पान्याचा स्पर्श चॅसीला होऊन शॉर्टसर्किट होते. सेल्फवरील प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. मोटार जड असल्याने शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी तिला खालून आधार द्यावा.

मोटार बाहेर असतानाच रिंग गिअर पाहावा. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना दाबामुळे बहुधा ठरावीक तीन स्थितींपैकी एकीत थांबते. त्यामुळे दात तीनच भागांत अधिक झिजतात. एकाच ठिकाणी पाहून समाधान न मानता फ्लायव्हील पूर्ण फिरवून तपासणी करावी. नव्या मोटारीची व्होल्टता, फिरण्याची दिशा, पिनियनचे दात व फ्लँज जुन्याशी ताडून पाहावे. सामान्यतः परतीचा प्रवाह मोटारीच्या बॉडीतून जात असल्याने बसविण्याची जागा रंग व तेल काढून स्वच्छ करावी.

तारजोडणी

केबल योग्य छेदाची व अखंड असावी. मध्ये पीळ देऊन जोड करू नये. थिंबल दाबयंत्राने घट्ट बसवावे, केबल सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट घालावा. इंजिन रबरी माउंटिंगवर असते. म्हणून इंजिन व चॅसी यांना जोडणारी अर्थपट्टी अत्यावश्यक आहे. ती तुटल्यास प्रवाह ॲक्सिलरेटरच्या तारेसारखा भलताच मार्ग शोधतो व ती तापते. सोलेनॉइडचा प्रवाहही मोठा असल्याने चावीच्या स्विचवर भार न टाकता मध्ये रिले बसवावा. शेवटी धन केबल प्रथम व ऋण केबल सर्वांत शेवटी जोडावी. चाचणीत सलग दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ सेल्फ मारू नये. पुढील प्रयत्नापूर्वी मोटारीला थंड होऊ द्यावे. त्यानंतर घटीचे मापन पुन्हा करावे.

सुरक्षिततेचा प्रश्न

तार बिघडलेली असताना खाली शिरून पेचकसाने सेल्फचे टर्मिनल जोडण्याची पद्धत प्रचलित आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असल्यास ती त्याच क्षणी पुढे सरकते आणि चाकापुढील माणूस चिरडला जाऊ शकतो. या कामात क्लीनर वा शिकाऊ मुलगाच बहुधा पुढे असतो. काही रुपयांची तार टाळण्याचे मोल असे जिवाने चुकवावे लागते.

समारोप

सेल्फ बदलणे हे हातकौशल्याचे काम असले, तरी त्याचे यश मापनावर अवलंबून आहे. अनुभवी मिस्त्री थिंबलला हात लावून ते तापले का हे पाहतो. पाठ्यपुस्तक त्यालाच प्रवाहाच्या वर्गाचा व रोधाचा गुणाकार म्हणते. ही दोन ज्ञाने एकत्र आली, तर एकल गाडीमालकाचा अनाठायी खर्च टळेल आणि पदार्थविज्ञानाच्या वर्गातील ओहमचा नियम विद्यार्थ्यांना रस्त्यावर भेटेल.