घरातील शाळा : दूरशिक्षण आणि कुटुंबाची पुनर्रचना

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग त्याच वर्षीच्या २३ नोव्हेंबरपासून, स्थानिक परिस्थिती पाहून, क्रमाक्रमाने उघडू लागले. परंतु पहिली ते चौथीच्या मुलांना बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात शिक्षण घरीच चालावे अशी व्यवस्था करण्यात आली. या व्यवस्थेची चर्चा प्रायः साधनांच्या अंगाने झाली आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार कुटुंबाच्या अंगाने करावयाचा आहे. शाळा घरात आली म्हणजे नेमके काय घरात आले, हा आपला प्रश्न होय.

शाळा केवळ पाठ देते असे नाही. ती मुलाचा दिवस तासांत विभागून देते; त्याला बसावयास जागा आणि बरोबरीची मुले देते; आईवडील कामावर असताना त्याचा सांभाळ करते; आणि पुष्कळ मुलांना दुपारचे जेवणही देते. ही कार्ये एकाच इमारतीत एकत्र घडत असल्यामुळे ती परस्परांपासून निराळी आहेत हे सहसा लक्षात येत नाही. दूरशिक्षणाने त्यांची फारकत केली. तारेने अथवा ध्वनिलहरींनी जे वाहून नेता येते ते पाठ तेवढे. वेळ, जागा, सांभाळ आणि जेवण या गोष्टी घरावर येऊन पडल्या.

उदाहरणार्थ, दोन खोल्यांचे एक घर कल्पू. वडील कामावर जातात, आई घरी शिवणकाम करते, मुलगी सातवीत आणि मुलगा दुसरीत आहे. घरात भ्रमणध्वनी एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. अशा घरात सकाळच्या तासिका व्यर्थ जातात. अभ्यास रात्री, वडील परतल्यावर, सुरू होतो. दोघांच्या अभ्यासाची वेळ एकच आली म्हणजे कोणाचा पाठ आधी, हे ठरवावे लागते. मुलगी स्वतः वाचू शकते म्हणून तिने थांबावे, असा निर्णय सहज होतो. आई शिलाई यंत्रावरून उठून धाकट्याजवळ बसते. तेवढा वेळ शिलाईचे काम, आणि म्हणून मिळकत, थांबते. येथे कोणी कोणावर अन्याय करू इच्छीत नाही. तथापि, कुटुंबाने जुळवून घेतले असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या जुळवणीची किंमत कोणी दिली हे विचारणे अगत्याचे ठरते.

म्हणूनच साधन घरात असणे आणि ते मुलाच्या हाती असणे या दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. ग्रामीण भारतासंबंधीच्या ‘असर’ पाहणीनुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. ही वाढ लक्षणीय खरी. परंतु त्याच २०२१ च्या पाहणीत, घरी असा फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता असे आढळले. महाराष्ट्रात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. दूरदर्शन संच कोणाच्या खिशात जात नाही, आणि त्याची वेळ ठरलेली असते. या दृष्टीने तो फोनपेक्षा घराला अधिक सोयीचा. मात्र तो मुलाच्या शंकेला उत्तर देऊ शकत नाही. ते काम पुन्हा घरातील मोठ्या माणसाकडेच येते.

आणि मोठे माणूस म्हणजे बहुधा आई. तिच्याजवळ वेळ शिल्लक होता काय? केंद्र शासनाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीप्रमाणे, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे साथीच्या आधीच जिचे पाच तास घरकामात जात होते, तिच्यावरच बहुतेक घरांत अध्यापनाचा भार पडला. ती स्वतः फारशी शिकलेली नसेल तर त्या भारात संकोचाचीही भर पडे.

या संदर्भात ऑस्ट्रेलियाचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील विरळ वस्तीच्या प्रदेशात, ॲलिस स्प्रिंग्ज येथे, ८ जून १९५१ रोजी नभोवाणीच्या द्वारे शाळा सुरू झाली. शेकडो मैलांवर विखुरलेल्या गुरांच्या वाड्यांवरील मुले उड्डाणवैद्यक सेवेच्या बिनतारी यंत्रणेवरून शिक्षिकेशी बोलू लागली. परंतु त्या शाळेने घराला गृहीत धरले नाही. दिवसाचा थोडाच वेळ नभोवाणीवर जाई; उरलेला अभ्यास टपालाने आलेल्या पाठांवरून, आईच्या अथवा त्यासाठी नेमलेल्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली होई. घरातील ही व्यक्ती शिक्षणव्यवस्थेचा मान्य घटक होती. आपल्याकडे २०२० मध्ये तीच भूमिका पालकांना अवघ्या काही दिवसांत, पूर्वतयारीवाचून पतकरावी लागली. दोन्ही ठिकाणचा मुख्य फरक यंत्रात नसून या मान्यतेत आहे.

परिणामांविषयी सावधपणे बोलावयास हवे. ‘असर’नुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के झाली. प्रमाण पूर्वपदावर आले ही समाधानाची गोष्ट होय. परंतु २०२४ मधील तिसरीची मुले ही २०२२ मधील मुले नव्हेत. जी मुले वाचन शिकण्याच्या वयात घरी होती, ती पुढच्या वर्गांत गेली आहेत. सरासरी सावरली म्हणून तीही सावरली, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

यावरून अभ्यासकांसाठी एक दिशा सूचित होते. दूरशिक्षणाची पाहणी करताना घरात किती साधने आहेत एवढेच विचारून भागणार नाही. ती कोणत्या वेळी कोणाच्या हाती असतात, मुलाजवळ कोण बसते, आणि बसण्यासाठी ती व्यक्ती कोणते काम सोडते, याची तासवार नोंद व्हावयास हवी. शाळा पुन्हा कधी बंद कराव्या लागल्या, तर घराकडून काय मागावयाचे आणि घराला काय द्यावयाचे, हे अशा नोंदींवरूनच ठरविता येईल. वरील उदाहरणातील सातवीतली मुलगी ज्या पाठासाठी थांबली, तो तिला पुढे मिळाला की नाही, याचे उत्तर साधनांच्या आकडेवारीत सापडणार नाही.