मुदपाकखान्याचे निशाण

(लेखांक चौथा)

अमेरिकेतील फिरती सर्कस रात्रीच्या रात्रीत एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जात असे, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिले. आता गाडी उजाडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचली आहे असे धरून, तिच्यातून उतरणाऱ्या माणसांचा आणि जनावरांचा दिवस कसा जाई, आणि विशेषतः १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून जी दहा वर्षांची मंदी त्या देशावर आली तिच्यात या लोकांनी कशाच्या बळावर तग धरला, याचा विचार करावयाचा आहे. माझे मत प्रथमच सांगतो. या मंडळींना एकत्र बांधून ठेवणारी वस्तू पगार ही नव्हती, आणि कीर्ती तर थोड्यांच्याच वाट्यास येई. ती वस्तू म्हणजे दिवसातून तीन वेळा हमखास मिळणारे अन्न.

पेशव्यांच्या अठरा कारखान्यांची नावे ज्यांनी वाचली असतील त्यांना या सर्कशीची रचना समजावयास वेळ लागणार नाही. कारण हत्तींचा पीलखाना, घोड्यांची पागा, हिंस्र पशूंचा शिकारखाना, तंबू-कनातींचा फरासखाना आणि सर्वांच्या पोटाची चिंता वाहणारा मुदपाकखाना हे सगळे तेथे होते, आणि प्रत्येकावर आपापला दरोगा होता. ‘रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली’ ही त्यांतील सर्वांत मोठी सर्कस सुमारे नव्वद डब्यांच्या चार गाड्यांतून, सोळाशेच्या आसपास माणसे घेऊन हिंडे. या चार गाड्यांपैकी पहिलीतून मुदपाकखाना पुढे जाई. खेळाचा मुख्य तंबू अजून गुंडाळलेलाच पडलेला असताना भोजनाची राहुटी उभी राही, चुली पेटत, आणि न्याहारी तयार झाली की राहुटीवरील काठीला निशाण चढे. मैदानाच्या कोणत्याही कोपऱ्यातून ते दिसे, आणि ते दिसताच हातातले काम टाकून माणसे तिकडे वळत. रात्रीचा खेळ सुरू होण्यापूर्वी हीच राहुटी उतरवून पुढच्या गावाच्या वाटेला लागलेली असे.

त्या निशाणाखाली सर्व समान होते असे मात्र कोणी समजू नये. राहुटीच्या मधोमध कनात असे. एका अंगास मजुरांची लांब बाकडी, दुसऱ्या अंगास कलावंत, वादक आणि अंमलदार यांची आच्छादने घातलेली मेजे, आणि काळ्या मजुरांची पंगत पुन्हा निराळी. गाडीत झोपावयाच्या जागांचीही वाटणी अशीच होती; नामवंतांना स्वतंत्र खोली, तर मजुरांना एकेका अरुंद फळीवर दोघा-दोघांनी अंग चोरून पडणे भाग. अन्न एक आणि पंक्ती तीन हा प्रकार आपणांस अपरिचित नाही, व म्हणूनच तो वाचताना आपली मान अधिक खाली जावी.

न्याहारी आटोपल्यावर फरासखान्याचे काम चाले, ते मात्र पाहण्यासारखे. एका मेखेभोवती सहा-सात जण घण घेऊन वर्तुळात उभे राहत, आणि एकाचा घण मेखेवरून उचलला जातो न जातो तोच दुसऱ्याचा पडे, तो सरतो तोच तिसऱ्याचा, अशा अखंड क्रमाने पुरुषभर उंचीची मेख पाहता पाहता जमिनीत रुतत जाई. एकाचाही ताल चुकला तर शेजाऱ्याचे मनगट जाणार हे सर्वांना ठाऊक असे. मग साठ फुटांच्या आसपास उंचीचे मधले खांब दोरखंडांनी उभे करावयाचे, आणि त्या खांबांवरून ओले, अवजड कापड वर चढवावयाचे, हे काम हत्ती करीत. दोर ताणणाऱ्या टोळ्या गाण्याच्या ठेक्यावर एकदम ओढत, आणि दुपारी दोनच्या खेळाला जेथे दहा हजार माणसे बसावयाची ती जागा सकाळी ओसाड माळ होती, यावर नव्याने आलेल्याचा विश्वास बसत नसे.

इतके श्रम करावयास माणसे कोठून येत? १९३३ च्या सुमारास अमेरिकेतील काम करू पाहणाऱ्या दर चौघांपैकी एक बेकार होता, आणि लक्षावधी तरुण मालगाड्यांवर चोरून बसून गावोगाव काम शोधीत हिंडत होते. अशा माणसाला आठवड्याचे थोडेसे डॉलर, निजावयास फळी आणि भरपेट अन्न मिळते म्हटल्यावर तो घण उचलण्यास मागेपुढे पाहत नसे. मालकही हे ओळखून होते. पगाराचा काही भाग हंगाम संपेपर्यंत अडकवून ठेवावयाचा, म्हणजे माणूस मध्येच पळून जाणार नाही, आणि गेलाच तर ती बाकी आपोआप बुडेल, असा हिशेब असे. काही हलक्या सर्कशींत तर, थकलेले पैसे द्यावे लागू नयेत म्हणून, नकोशा झालेल्या मजुराला रात्री चालत्या गाडीतून खाली ढकलून देत. हे कृत्य खुनाहून फारसे निराळे नाही, आणि सर्कशीच्या रम्य आठवणी सांगणाऱ्यांनी ते गाळू नये असे मला वाटते.

जनावरांची गोष्ट वेगळी होती. हत्ती रोज दीडशे पौंडांच्या आसपास सुके गवत खातो. सिंहवाघांना घोड्याचे मांस लागे. आणि धंदा बसला म्हणून यांतले काहीच थांबवता येत नसे, कारण जनावर हे विकत घेतलेले भांडवल आणि मजूर फुकट मिळणारा. भांडवलाची काळजी म्हणजे ममता मात्र नव्हे. कित्येक माहुतांचे हत्तीशी घरच्यासारखे नाते असे, माहूत जवळ नसेल तर हत्ती बेचैन होत. पण त्याच पीलखान्यात अंकुशाचा निर्दय उपयोगही होई, आणि बिथरलेल्या हत्तीला गोळ्या घालून संपविल्याची उदाहरणे त्या काळात आहेत. क्लाइड बीटी हा त्या काळचा सर्वांत प्रसिद्ध पशुशिक्षक एका हातात खुर्ची, दुसऱ्यात चाबूक आणि कमरेला खोट्या काडतुसांचे पिस्तूल अशा थाटात, चाळीसपर्यंत सिंह आणि वाघ एकाच पिंजऱ्यात खेळवी. खुर्ची कशाला? तिचे चार पाय एकदम समोर आले की कशावर झेप घ्यावी हे सिंहाला कळेनासे होते. तरीही १९३२ च्या जानेवारीत इंडियाना प्रांतातील पेरू या हिवाळी तळावर ‘नीरो’ नावाच्या सिंहाने सराव चालू असता बीटीची मांडी फोडली, आणि जखम चिघळून तो मरणाच्या दारातून परत आला.

हिवाळ्यात खेळ बंद, म्हणून पगारही बंद. मोठ्या कलावंतांनाही मग परदेशांत काम पाहावे लागे. लिलियन लाइट्झेल ही हवेतील कसरतींची सम्राज्ञी अशीच कोपनहेगनला गेली असता १३ फेब्रुवारी १९३१ रोजी कडीचा धातू तुटून ती खाली पडली आणि दोन दिवसांनी वारली.

याच्या उलट एमेट केली याचे भाग्य मंदीनेच उघडले. फाटक्या कपड्यांचा, दाढी वाढलेला, कधीही न हसणारा भणंग विदूषक त्याने पुष्कळ आधी कागदावर रेखाटून ठेवला होता. परंतु विदूषक स्वच्छ आणि रंगीत हवा म्हणून व्यवस्थापक त्याला परवानगी देत ना. मंदी आल्यावर तसे भणंग प्रत्येक रेल्वेस्टेशनाबाहेर दिसू लागले, आणि मग तो रिंगणात आला. कोबीचे पान चावीत प्रेक्षकांकडे टक लावून पाहणे, जमिनीवर पडलेला प्रकाशाचा गोल केरसुणीने झाडून गोळा करू पाहणे, एवढाच त्याचा खेळ. पण भूक म्हणजे काय हे ठाऊक झालेल्या प्रेक्षकांनी त्याला आपला मानला. त्या दशकातील सर्कशीने कलेला दिलेली सर्वांत खरी देणगी मी हीच समजतो.

आता मालकांकडे वळू. जॉन रिंगलिंग यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील आपली जागा एका प्रतिस्पर्धी कंपनीला गेली या रागाने, पाच सर्कशींची मालक असलेली ती अख्खी कंपनीच १९२९ मध्ये १७ लाख डॉलरला खरेदी केली, त्यासाठी कर्ज काढले, आणि थोड्याच आठवड्यांत बाजार कोसळला. १९३२ साली हप्ता चुकला व कारभार हातचा गेला. १९३६ च्या डिसेंबरात ते वारले तेव्हा बँकेत अवघे ३११ डॉलर होते. पुढे त्यांचे भाचे जॉन रिंगलिंग नॉर्थ यांनी सर्कस हाती घेतली, आणि १९३८ च्या उन्हाळ्यात धंदा बुडतो म्हणून सर्वांचे पगार एक-चतुर्थांशाने कापण्याचे ठरवले. जूनमध्ये पेनसिल्व्हानियातील स्क्रँटन या कोळशाच्या खाणींच्या गावी कामगारांनी हे नाकारले, तंबू थांबला, आणि तेथूनच सर्कस फ्लॉरिडातील सॅरासोटाच्या हिवाळी तळावर परत गेली. काही खेळ व जनावरे तेवढी दुसऱ्या सर्कशीला जोडून हंगाम पुरा करण्यात आला. निव्वळ अन्नावर माणूस राबतो हा हिशेब नऊ वर्षे चालला आणि तेथे संपला. माझ्या मते कामगारांचे म्हणणे न्याय्य होते.

१९४० साली याच रिंगलिंग सर्कशीत आल्फ्रेड कोर्त या फ्रेंच पशुशिक्षकाबरोबर पुण्याचे दामू धोत्रे दाखल झाले. त्यांची हकीकत पुढील लेखांकात.