कोळसा खाणींनंतरचा रोजगार : स्पेनचा करार

तोट्यातील कोळसा खाणींना उत्पादनासाठी मिळणारे सरकारी साहाय्य २०१८ अखेर थांबवावे, असे युरोपीय संघाने २०१० मध्येच ठरवले होते. ही मुदत संपत आली असताना, ऑक्टोबर २०१८ मध्ये, स्पेनचे सरकार, कामगार संघटना आणि खाणमालकांची संघटना यांच्यात २५ कोटी युरोंचा ‘न्याय्य संक्रमण’ करार झाला. प्रदूषक उद्योग बंद करताना त्याचा भार केवळ तेथील कामगारांवर आणि गावांवर पडू नये, यासाठी केलेली धोरणात्मक तजवीज म्हणजे न्याय्य संक्रमण होय. या करारानुसार ४८ वर्षांवरील खाणकामगारांना मुदतपूर्व निवृत्तीची सोय मिळाली, तर तरुणांना नुकसानभरपाई, पुनर्प्रशिक्षण आणि खाणींनी उजाड केलेल्या जमिनींच्या पुनरुज्जीवनाच्या कामांत प्राधान्य देण्याचे ठरले.

स्पेनच्याच तेरुएल प्रांतातील अंदोरा येथील सुमारे १,१०० मेगावॉटचे कोळशावरील वीजकेंद्र २०२० मध्ये बंद झाल्यावर, तेथील वीजजाळ्यात मोकळ्या झालेल्या क्षमतेसाठी सरकारने न्याय्य संक्रमणाच्या याच धोरणानुसार निविदा मागवल्या आणि निवड करताना स्थानिक रोजगार व प्रशिक्षण हेही निकष धरले. २०२२ मध्ये ही क्षमता वापरण्याचा हक्क एन्देसा कंपनीच्या सौर-पवन प्रकल्पांना मिळाला. तथापि, सौर प्रकल्पाच्या उभारणीला पुष्कळ मनुष्यबळ लागत असले, तरी तो चालवण्यास मोजकीच माणसे पुरतात, त्यामुळे केवळ वीजनिर्मितीवर विसंबून न राहता सुटे भाग, दुरुस्ती आणि अन्य उद्योग त्याच परिसरात आणणे अपरिहार्य ठरते.