पावणेसहा गुंठ्यांचा ठिपका

नेसरी म्हटले की लोकांना प्रतापराव गुजर आठवतात, आणि ते योग्यच आहे. खिंडीतले स्मारक पाहून माणसे गडहिंग्लजला परततात. आमची एसटी मात्र पुढे चंदगडकडे जायची, कारण माझे आजोळ तिकडे. पश्चिमेला निघाले की ऊस हळूहळू विरळ होतो, काजू लागतो, मग भाताची खाचरे, आणि शेवटी घाटमाथ्याचे रान. लहानपणी मी हे सारे खिडकीतून पाहिले. त्याला 'धोरण' नावाची आणखी एक बाजू असते, हे पर्यावरण धोरण आणि व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात बसल्यावर कळले.

"म्हणजे झाडं लावायला शिकवत्यात होय?" असे मला गावात अनेकांनी विचारले. झाडांविषयी थोडे आणि कागदांविषयी पुष्कळ शिकवतात, हे खरे उत्तर. कायदा, अर्थशास्त्र, परिस्थितिकी, उपग्रहाचे नकाशे, जनसुनावणीचे नियम. गॅरेट हार्डिनचा १९६८ चा प्रसिद्ध निबंध पहिल्याच सत्रात येतो: सामाईक कुरण असले की प्रत्येक जण एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपते. मला आमचे गायरान आठवले. तिथे कुणाची गुरे कधी सोडायची, गवत कधी राखायचे, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, आणि त्या भांडणांतूनच नियम झाले. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचली. हार्डिनने वगळलेले हे नियमच तिने जगभर हिंडून गोळा केले होते, आणि २००९ मध्ये त्यासाठी तिला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण आमचे खरे पाठ्यपुस्तक म्हणजे पश्चिम घाटाचे दोन अहवाल. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१० मध्ये केंद्राने तज्ज्ञगट नेमला आणि ३१ ऑगस्ट २०११ ला त्याने अहवाल दिला. तो मंत्रालयात पडून राहिला. माहिती अधिकारातला अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश, दिल्ली उच्च न्यायालय अशी वाट चालून तो मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. ऑगस्टमध्ये लगेच कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला गेला आणि त्याचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला.

वर्तमानपत्रांनी पहिल्याला कडक आणि दुसऱ्याला सौम्य ठरवून विषय संपवला. मला त्यात वेगळेच शिकायला मिळाले: दोघांनी घाट वेगवेगळ्या मापाने मोजला होता. गाडगीळ गटाने घाटावर सुमारे नऊ किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनांची जाळी टाकली, प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि त्यावरून तालुक्यांचे तीन दर्जे लावले. असा एक चौकोन आपल्या मापात वीस हजार एकरांचा. त्यात रान, ऊस, बाजारपेठ, सगळे एकत्र येते. म्हणूनच हे दर्जे तात्पुरते आहेत, अंतिम हद्दी ग्रामसभांपासून वर जात ठरवाव्यात, असे त्यांनी स्वच्छ लिहिले होते. चर्चेत हे वाक्य कुणी फारसे घेतले नाही.

कस्तुरीरंगन गटाने उपग्रहाची चित्रे घेतली. त्यातला एक ठिपका २४ मीटर लांब, तेवढाच रुंद, म्हणजे साधारण पावणेसहा गुंठ्यांचा. मामाची परड्यामागची काजूची पट्टी एवढीच आहे. या ठिपक्यांवरून घाटाचा ४१ टक्के भाग 'नैसर्गिक' आणि ५९ टक्के माणसाने वापरातला ठरला. मग ज्या गावाच्या किमान वीस टक्के क्षेत्रात संवेदनशील रान, ते अख्खे गाव यादीत. सहा राज्यांतली ४,१५६ गावे, सुमारे साठ हजार चौरस किलोमीटर.

इतके बारीक मोजून शेवटी एकक धरले ते महसुली गाव! एकवीस टक्केवाले गाव गावठाणासकट आत, आणि त्याच डोंगराच्या कुशीतले एकोणीस टक्केवाले बाहेर. कर्नाटकातून येऊन आजरा-चंदगडात फिरणारे हत्ती ही शीव कुठली मानणार? मला दोन्ही मापांत खोट दिसते, पण गाडगीळांनी आपली खोट कबूल करून ती दुरुस्त करायची जागा तरी ठेवली होती.

१० मार्च २०१४ ला कस्तुरीरंगन अहवालावर बेतलेला पहिला मसुदा राजपत्रात आला. त्या पावसाळ्यात आजोळच्या ग्रामसभेला मी हजर होते. 'इकोसेन्सिटिव्ह' हा शब्द तोवर गावात पोहोचला होता, आणि त्याचा अर्थ 'अभयारण्य आलं' असा झाला होता. शेती बंद, घर दुरुस्तीला परवानगी, काजूला कोयता लावला तर गुन्हा. विरोधाचा ठराव आधीच टाइप होऊन आला होता. माझ्या पिशवीत इंग्रजी अहवाल होता. त्यात बंदी होती ती खाणी, दगड-वाळूचा उपसा, औष्णिक वीज, लाल वर्गातले उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकामांवर. शेती आणि जमिनीची मालकी यांना हात लावलेला नव्हता. मामाने विचारले, "त्या पुस्तकात आमच्या काजूचं काय लिवलंय, तेवढं मराठीत सांग की गं." मी उभी राहिले आणि 'परिसंस्था', 'सांस्कृतिक भूदृश्य' असे काहीबाही बोलले. माणसे ऐकून घेत होती, एवढेच. ठराव एकमताने झाला. दोन वर्षांच्या शिक्षणाची ती माझी खरी परीक्षा होती आणि मी नापास झाले.

दोष माझा होताच, पण सगळा माझा नव्हता. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे एका खाणीची जनसुनावणी घ्यायची, तर अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. महाराष्ट्रातल्या दोन हजारांहून अधिक गावांना लागू होणाऱ्या मसुद्याला मात्र हिंदी-इंग्रजी राजपत्र पुरते. २०२० मध्ये याच मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याचे भाषांतर आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे २२ भाषांत करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. हरकतीला मुदत साठ दिवस. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर साठ दिवसांत हरकत घ्या, असा हा सारा व्यवहार आहे.

मसुदा ठरावीक मुदतीत अंतिम झाला नाही की बाद होतो, मग नवा काढायचा. असे करत सहावा मसुदा आला ३१ जुलै २०२४ ला. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर खचला होता. आणि बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलैलाच, आपले माळीण गाडले गेले होते.

या वेळी मी आजोळी गेले ती कोऱ्या फुलस्केप कागदांची दस्ती घेऊन. मामा, मामी आणि शेजारचे दोघे सोप्यात बसले. एकेक कलम मी बोलत होते. न कळलेल्या शब्दावर मामा थांबवायचा, आणि तो शब्द आम्ही बदलायचो. 'नैसर्गिक भूदृश्य' याचे 'राखलेले रान' झाले. खाणबंदीला कुणाचीच हरकत नव्हती, उलट ती हवीच होती. चार जणांच्या सह्यांचे पत्र झाले. मागण्या दोन: यादी आणि नियम मराठीत ग्रामपंचायतीत लावा, आणि गाव सरसकट न धरता हद्द गट नंबरने दाखवा, ग्रामसभेसमोर.

पत्र मी नेसरीच्या पोस्टातून रजिस्टर केले. पावती मामाने मागून घेतली आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.